बोर्डाच्या परीक्षेतला सायलेन्सर

मार्च उजाडला की आमची कॉलनी कुजबुजत बोलायला लागते. एरवी गोमती नगरात कुणाच्या लग्नाचा डीजे कुणाच्या छातीत धडधडेल याचा नेम नसतो. पण बोर्डाच्या परीक्षा लागल्या की भाजीवाला भैयासुद्धा फाटकाशी येऊन ‘टमाटर’ असं गुपित सांगितल्यासारखं म्हणतो. कुकरच्या शिट्ट्या मोजक्या होतात. टीव्हीवरच्या सासवा आवाज बंद करून भांडतात. रस्त्याकडेचे कडुनिंब पानं गाळत असतात आणि दुपारी ती पानं पडल्याचंही ऐकू येतं. यंदाही तेच चाललंय. परवा बँकेतून जरा लवकर घरी आले, चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले आणि त्या शांततेत मला तीन वर्षांपूर्वीचा मार्च ऐकू आला. त्या वर्षी अख्खी कॉलनी चिडीचूप असताना एकच घर गरजत होतं, आणि ते आमचं होतं.

आमचं म्हणजे बाबांचं आणि माझं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा मूळचे सातारचे, रेल्वेच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लखनौला आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. इथली थंडी, इथले आंबे आणि इथली माणसं यांना शिव्या द्यायची त्यांना सवय झाली होती. साताऱ्याला जाऊन नव्याने कुणाला शिव्या देणार? त्यांच्याकडे एक जुनी मोटरसायकल आहे, साइडकारवाली. म्हणजे मोटरसायकलच्या डाव्या अंगाला एक होडीसारखी बैठक आणि त्या बैठकीला तिसरं चाक. आई त्यात शाल पांघरून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसायची. मी लहानपणी आईच्या पायाशी बसायचे. गल्लीतले लोक त्या मोटरसायकलला ‘तीन पहिया’ म्हणतात आणि बाबा ‘गाडी’ म्हणतात. बाकी सगळ्या गाड्यांना ते ‘वाहन’ म्हणतात.

मग बाबांना काचबिंदू झाला. नजर कडांपासून आत आत आटत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, ड्रायव्हिंग बंद. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कानाला तर काही झालेलं नाही ना?” डॉक्टर म्हणाले, नाही. “मग ठीक आहे,” बाबा म्हणाले. घरी येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “मंजू, तू चालवायची. मी बाजूला बसून ऐकतो.”

मला वाटलं, स्कूटर येते म्हणजे हीही येईल. कसलं काय! साइडकारवाली गाडी ही वेगळीच जात आहे. रेस दिली की ती डावीकडे ओढते. ब्रेक मारला की उजवीकडे. डावं वळण जरा जोरात घेतलं तर तिसरं चाक उचलतं आणि माणूस देवाचं नाव घेतो. साइडकारमध्ये वजन असेल तर ती जरा माणसासारखी वागते. म्हणून बाबांचं शेजारी असणं ही यांत्रिक गरज आहे, असं बाबा सांगत. एकदा त्यांना ताप होता तेव्हा मी त्यांच्या जागी गव्हाचं पोतं बसवून गिरणीत गेले. परत आल्यावर त्यांनी अंथरुणातून विचारलं, “पोत्याने काही सांगितलं का?”

“नाही.”

“मग तू काय काय चुकलीस ते तुला कळलंच नसेल.”

बाबांचं सांगणं म्हणजे स्टेशनवरची घोषणा. “मंजू, तिसरा! तिसरा टाक, इंजिन रडतंय.” “क्लचवर पाय ठेवल्यासारखा हात नको ठेवूस.” “मागच्याला जाऊ दे, त्याचा पिस्टन गेलाय, बिचारा किती दिवसांचा सोबती आहे.” डोळ्यांना दिसत नव्हतं तरी ते गाडी चालवत होते. फक्त हात-पाय माझे वापरत होते. मी पन्नाशीची बाई, बँकेच्या शाखेत लोक मला मॅडम मॅडम करतात, आणि निशातगंजच्या चौकात मला सगळ्यांदेखत ऐकवलं जाई की गियर बदलताना मी कढी ढवळते. मी खूप चिडायचे. पण रविवारी सकाळी बाबा हेल्मेट घालून, काठी टेकत फाटकाशी तयार उभे असत, आणि त्यांचा चेहरा बघून माझी चीड जायची.

अडचण एकच होती. गाडीचा सायलेन्सर उजव्या अंगाला आणि बाबा डाव्या. रहदारीत त्यांना इंजिन नीट ऐकू येईना. बाबांनी यावर तोडगा काढला आणि मला न विचारता रईस भाईंना फोन लावला.

रईस भाई निशातगंजचे मिस्त्री, बाबांची गाडी गेली तीस वर्षं त्यांच्याच हातची. त्यांच्या तोंडून ‘नहीं होगा’ हे शब्द आजवर कुणी ऐकलेले नाहीत. ते नेहमी ‘हो जाएगा साहब’ म्हणतात. मात्र त्यातला कुठला सूर म्हणजे होणार आणि कुठला म्हणजे जन्मात होणार नाही, हे ओळखायला वर्षं जावी लागतात. त्यांनी पाईप इंजिनाखालून डावीकडे वळवला, सायलेन्सर अर्ध्यात कापला, आतली जाळी काढून टाकली आणि त्याचं तोंड बाबांच्या उजव्या कानामागे हातभर अंतरावर आणून सोडलं. मी पहिली किक मारली तेव्हा समोरच्या दुकानावरच्या सगळ्या कबुतरांनी एकदम जागा बदलली. बाबा साइडकारमध्ये ताठ बसले होते. आंघोळ करून, देवपूजा आटोपून आल्यासारखा प्रसन्न चेहरा.

“आता कसं!” ते ओरडले.

मी काय म्हणाले ते त्यांना ऐकू आलं नाही. मलाही आलं नाही.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने सायलेन्सर कापून घेतला, ही बातमी कॉलनीत अशी फिरली की कॉलेजची पोरं बाबांना सलाम ठोकायला लागली. “दादू, ग़ज़ब!” बाबांना वाटे, ही नवी पिढी दिसते तितकी वाया गेलेली नाही. तो ऑक्टोबर होता. दसरा, दिवाळी, मग लग्नं. त्या गदारोळात आमचा आवाज खपून गेला. फेब्रुवारी सरत आला, कॉलनी कुजबुजायला लागली आणि आम्ही उघडे पडलो.

शेजारच्या श्रीवास्तव भाभी गाजराचा हलवा घेऊन आल्या. त्यांची गुडिया बारावीला. तिची अभ्यासाची खोली वरच्या मजल्यावर, खिडकी बरोबर आमच्या फाटकाकडे. भाभींनी आधी बाबांची तब्येत विचारली, मग माझी, मग साताऱ्याच्या हवेची. मग म्हणाल्या, “अंकल जी की गाड़ी की आवाज़ बड़ी दमदार है, दीदी. हमारी गुड़िया तो सुबह उसी से उठती है.”

“अच्छा?” मी खूश होऊन म्हटलं.

“हाँ. कल तो केमिस्ट्री पढ़ते-पढ़ते भी उठ गई.”

त्या हसत हसत गेल्या. मी हलव्याचे दोन घास खाल्ले आणि तिसऱ्या घासाला मला कळलं की ही तक्रार होती. आमच्या साताऱ्याकडे असं काही झालं असतं तर शेजारीण कंबरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली असती आणि पाच मिनिटांत विषय मिटला असता. इथे आवळा देऊन कोहळा काढतात, आणि तोही साजूक तुपातला आवळा.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “पोरीची परीक्षा आहे. आवाज बंद झाला पाहिजे, त्यात वादच नाही.” मी सुटकेचा निःश्वास टाकणार तोच पुढे म्हणाले, “पण मग मला ऐकू येणार नाही. आणि ऐकू येणार नसेल तर मी त्यात कशाला बसू? सामान आहे का मी? गाडी विकून टाकू.”

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. बाबा धमक्या देत नाहीत. एकदा ‘विकू’ म्हणाले की विकतात. आणि त्यांनी आधीच किती सोडलं होतं! वर्तमानपत्र सोडलं, शब्दकोडं सोडलं, ड्रॉइंगबोर्ड बांधून माळ्यावर टाकला. ई-रिक्षात ते बसत नाहीत. तिला आवाजच नाही, विजेवर चालणाऱ्या पाटावर बसल्यासारखं वाटतं म्हणतात. गाडी गेली की हा माणूस खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या गाडीने मला जीव नकोसा केला होता, पण ती मला हवीच होती.

दुसऱ्या दिवशी बाबांमधला इंजिनियर जागा झाला. “रस्त्याला ऐकू येता कामा नये आणि मला ऐकू आलं पाहिजे. एवढाच प्रश्न आहे. रेल्वेत याहून अवघड प्रश्न सोडवलेत.” आम्ही निशातगंजला गेलो. बाबांनी रईस भाईंना प्रश्न सांगितला. रईस भाईंनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाईपाकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो जाएगा साहब.” सूर मला आवडला नाही.

पहिल्या खेपेला रईस भाईंनी त्या कापलेल्या सायलेन्सरमध्ये भांडी घासायच्या तारेचे गोळे कोंबले. आवाज खरंच खाली आला. पण श्वासही कोंडला. निशातगंजच्या पुलावर चढताना गाडी दम्याच्या रोग्यासारखी थांबत थांबत गेली. मागे रांग लागली. पुलाच्या माथ्यावर मी जरा जास्त रेस दिली आणि फाट् करून एक तापलेला गोळा मागे उडाला. मी घाबरून गाडी कडेला घेतली. मागून एक ई-रिक्षावाला उतरला, तो गोळा पानाच्या पुड्याच्या कागदात चिमटीने धरून घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, “बाबूजी, आपका कुछ गिर गया.” बाबांनी तो हातात घेतला, चटका बसला, तरी ‘शुक्रिया’ म्हणाले. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं मी घरी येईपर्यंत बडबडत होते. कुणालाच ऐकू आलं नाही, कारण उरलेले गोळेही वाटेत पडले होते.

दुसऱ्या खेपेची कल्पना बाबांची. “वाफेच्या इंजिनाची चिमणी कुठे असते? वर. आवाज वर सोडून द्यायचा. आकाशाला कसली परीक्षा?” रईस भाईंनी ट्रॅक्टरला असतो तसा उभा पाईप बसवला, साइडकार आणि मोटरसायकलच्या मधोमध. त्याचा एक बारका फायदा असा की बाबांना तो शेजारून ऐकू येत होता. कल्पना कागदावर चोख होती. फक्त एक गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. आकाश जिथून सुरू होतं त्याच्या जरा खाली गुडियाची खिडकी होती. आवाज आता सरळ तिच्या टेबलावर जाऊन पडू लागला. शिवाय होळी जवळ आलेली. कॉलनीतल्या सगळ्या गच्च्यांवर बटाट्याचे पापड आणि चिप्स साड्यांवर पसरलेले. आमच्या चिमणीची काजळी वाऱ्याने उचलली आणि शेजारच्या गच्चीवर समान वाटून टाकली.

भाभी आल्या. या वेळी ताटलीत तळलेला एकच पापड होता, काळ्या ठिपक्यांचा. “अंकल जी के लिए,” एवढंच म्हणाल्या.

बाबांनी तो पूर्ण खाल्ला. “ठीक आहे,” ते म्हणाले, “चूक झाली की शिक्षा खाऊन घ्यावी.”

मग तिसरी खेप. बँकेत मार्चअखेरची कामं, घरी बाबा आणि मधे निशातगंज. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी माझी गत. या खेपेला रईस भाई काही बोलले नाहीत. त्यांनी एका जुन्या गाडीचा लांबलचक, पोटात तीन जाळ्या असलेला सायलेन्सर काढला, पाईप पुन्हा उजव्या अंगाला नेला, तोंड जमिनीकडे वळवलं आणि जोड वेल्डिंग करून पक्के केले. मी किक मारली. इंजिन सुरू झालं आणि शेजारच्या दुकानातला रेडिओ स्पष्ट ऐकू येत राहिला. इतकं सुरेख काम.

बाबा साइडकारमध्ये बसले होते. त्यांनी जरा वाट पाहिली. मग म्हणाले, “मंजू, चालू कर ना.”

“चालूच आहे, बाबा.”

त्यांनी हात लांब करून टाकी चाचपली. टाकी थरथरत होती. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. रईस भाई हातातला पाना पुसत उभे होते, पुसून झाला तरी पुसत राहिले. “साहब, और खोल दूँ थोड़ा?” त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, “नहीं, रईस. बहुत बढ़िया बना है. बच्ची को पढ़ने दो.” घरी येईपर्यंत बाबांनी एकही सूचना केली नाही. मी मुद्दाम दुसऱ्यातच गाडी रेटली, क्लचवर हात ठेवून ठेवला, कढी ढवळली. ते समोर बघत राहिले. इतकी वाईट गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती आणि मला कुणी बोललं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस मला आठवायला नको वाटतात. बाबा व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्या ऐकत. “गुप्ताच्या स्कूटरचा प्लग गेलाय.” “शाळेच्या बसला बेअरिंग हवंय.” लोकांच्या गाड्या, लोकांचे रोग. रविवारी मी म्हटलं, “चला बाबा, हजरतगंजला चक्कर मारू.” ते म्हणाले, “गव्हाचं पोतं ने.” मला रडू आलं ते मी मोरीत जाऊन रडले. एका गिऱ्हाइकाचा फोन येऊन गेला. बाबांनी त्याला पुढच्या शनिवारी गाडी बघायला बोलावलं. गुडिया मात्र खुशीत अभ्यास करत होती. भाभी येता-जाता हसून सांगत होत्या, “कितना सुकून है, दीदी.” आणि मला त्या गरीब बाईचा राग येत होता, जिने आयुष्यात आमचं काही वाईट केलं नव्हतं.

शुक्रवारी होळीची सुट्टी होती. मी कणीक मळून ठेवली आणि बघते तर पोळपाटावर लाटणं नाही. आमचं लाटणं आईचं, साताऱ्याहून आलेलं. शिसवी, सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळतं. इकडच्या बेलनाला पोट असतं आणि दोन मुठी असतात. त्याने पराठा होतो, पोळी होत नाही. मी ओटा शोधला, सिंक शोधलं, मग बाहेर आले. बाबा फाटकाशी गाडीजवळ उकिडवे बसले होते. लाटण्याचं एक टोक इंजिनाला टेकवलेलं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले. जवळ गेल्यावर मला कळलं की इंजिन चालू आहे.

“बाबा!”

त्यांनी हाताने थांब म्हटलं. मग त्यांचा चेहरा उमलला. “मंजू, टॅपेट वाजतंय!” नातू झाल्याची बातमी सांगावी तसे ते म्हणाले. “टॅपेट वाजतंय आणि चेन ढिली आहे. त्या दणदणाटात हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं!”

कारखान्यात ही रीत होती म्हणे. बेअरिंग बिघडलंय का बघायला लांब स्क्रूड्रायव्हर लावायचा आणि त्याची मूठ कानाच्या हाडाशी धरायची. आत काय चाललंय ते लोखंड सांगतं. स्वतः बाबांनी शंभर पोरांना ही रीत शिकवलेली. आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र सायलेन्सर कापत बसले. “माणूस डोळ्यांची चिंता करायला लागला की कानांची अक्कल जाते,” ते म्हणाले. स्क्रूड्रायव्हर टोचतो, त्याचा आवाज कर्कश येतो. लाकूड गोड बोलतं. घरातली सगळी लाकडं त्यांनी आठ दिवस मी बँकेत असताना तपासली होती. झाडूची दांडी बाद, छत्रीची मूठ बाद. आईचं लाटणं पास.

“ते द्या इकडे, मला पोळ्या करायच्यात.”

“भाभींकडून बेलन आण,” बाबा म्हणाले. “हे आता गाडीचं आहे.”

मी बेलन आणलं. त्या दिवशी माझ्या पोळ्या इतक्या जाड झाल्या की बाबांनी त्यांना रेल्वेचे वॉशर म्हटलं, आणि मी भांडले नाही. शनिवारच्या गिऱ्हाइकाला बाबांनीच फोन करून सांगितलं, गाडी विकाऊ नाही, तुम्हाला कुणी सांगितलं?

मग आम्ही पुन्हा बाहेर पडू लागलो. साइडकार ज्या दांड्याने मोटरसायकलला जोडलेली असते तो बाबांच्या गुडघ्याजवळून जातो. त्याच्यावर लाटण्याचं एक टोक, दुसरं हेल्मेटच्या पट्ट्याखालून गालाच्या हाडावर. जरा वाकून, डोळे मिटून ते बसत. मला वाटलं होतं, आता कमी ऐकू येईल, माझा जाच कमी होईल. झालं उलटंच. पूर्वी ते फक्त इंजिन ऐकत. आता गियरबॉक्स, चेन, मागचं चाक, माझा क्लच, सगळं त्यांच्या गालात येत होतं. “आता ब्रेकला नुसता पाय लावलास. दाबला नाहीस. लावलास. कशाला लावलास?” गतिरोधक आला की लाटणं उचलायचं असं ठरलं होतं, पण नवे गतिरोधक कुणाला सांगून येत नाहीत. बाबांच्या गालावर कायमचा एक निळा डाग पडला. भाभींनी एकदा माझ्याकडे आणि मग त्या डागाकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला खुलासा करावा लागला. खुलाशाने प्रकरण आणखी संशयास्पद झालं.

हजरतगंजला एकदा ट्रॅफिक हवालदाराने हात करून थांबवलं. त्याला वाटलं, बाबा फोनवर बोलतायत. “बाबूजी, चलती गाड़ी में फ़ोन?”

“फोन नहीं है,” बाबा त्यांच्या सातारी हिंदीत म्हणाले, “लाटणा है. बेलन.”

हवालदाराने बेलन पाहिलं, बाबांचा गाल पाहिला, मग मला पाहिलं. आवाज उतरवून म्हणाला, “मैडम, घर का मामला घर में निपटाया कीजिए.” आणि रस्ता मोकळा करून दिला. बाबा पुढचा सगळा रस्ता हसत होते. लाटण्यामुळे ते हसू थरथरत येत होतं.

आता मी पुण्याहून दुसरं लाटणं मागवलं आहे. तेही शिसवी, तेही सडपातळ. आईचं लाटणं गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत असतं आणि त्याचं एक टोक ग्रीसने काळं झालं आहे. आईने हे पाहिलं असतं तर तिने दोघांनाही उपाशी ठेवलं असतं. पण ती साइडकारमध्ये बसून रोज ऐकत असे की बाबा गाडी किती चांगली चालवतात, हे बाबांच्याच तोंडून. तेव्हा कदाचित समजून घेतलं असतं.

त्या वर्षी गुडियाचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी ती स्वतः आली. पेपर चांगला गेल्याचं तोंड भरून सांगितलं आणि बाबांना म्हणाली, “दादू, अब आप अपना पुराना वाला साइलेंसर लगवा लीजिए. अब कोई दिक़्क़त नहीं.” तिला वाटत होतं, बाबांनी तिच्यासाठी फार मोठा त्याग केला. बाबांनी तिला जवळ बसवलं, लाटण्याचं टोक घरातल्या फ्रिजला लावलं आणि दुसरं तिच्या कानामागे धरलं. तिने डोळे मोठे केले. “ये तो अंदर से बोल रहा है!” बाबा म्हणाले, “सब बोलते हैं, बेटा. बाहर का शोर कम करना पड़ता है.” मग त्यांना आपण फार मोठं काही बोललो असं वाटलं आणि ते घाईने म्हणाले की या फ्रिजचा कंप्रेसर मात्र बदलायला झालाय.

पाडवा दोन दिवसांवर होता. गुढीला आंब्याचा डहाळा हवा म्हणून आम्ही शहराबाहेर बख्शी का तालाबकडे निघालो. तिकडे बाबांच्या ओळखीच्या एकांची बाग आहे. मार्चचं ऊन अजून बोचत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडत चाललेला आणि आंब्याच्या मोहोराचा वास इतका दाट की हेल्मेटमध्ये साठून राहत होता. मधूनच हवाई दलाचं विमान गेलं. बाबांनी तोंड वर केलं आणि त्यात काही दोष सापडला नाही म्हणून खाली केलं. जाताना त्यांनी मला भरपूर ऐकवलं. तिसरा उशिरा, चौथा लवकर, डावं वळण घाबरून घेतलं, उजवं वळण न घाबरता घेतलं. बागेत चहा झाला, डहाळा मिळाला, तो बाबांच्या पायाशी ठेवून आम्ही परत निघालो.

परतीला रस्ता मोकळा होता. मी गाडी चौथ्यात टाकली. बाबांची सूचना आली नाही. पुढे बैलगाडी होती, मी तिसऱ्यात आणली, बाजूने काढली, परत चौथ्यात. बाबा काही बोलले नाहीत. वळण आलं, मी रेस कमी केली, वळणातून बाहेर पडताना वाढवली. काही नाही. निशातगंजहून ते असेच गप्प आले होते. मी म्हटलं, “बाबा, बरोबर चाललंय ना?” मी गव्हाच्या शेतालगत गाडी कडेला घेतली, उतरले आणि त्यांच्या बाजूला गेले.

बाबा झोपले होते. मान एका बाजूला, तोंड उघडं, हलकं घोरणं चालू.

बाबा कधी चालत्या गाडीत झोपलेले नाहीत. रेल्वेत पस्तीस वर्षं काढली, पण साताऱ्याच्या कुठल्याही प्रवासात त्यांनी बर्थवर पाठ टेकल्याचं मी पाहिलं नाही. आई रागवायची, पास मिळतो तो बसून राहायला मिळतो का? ते म्हणायचे, दुसऱ्याच्या हातात गाडी असताना झोप कशी लागते लोकांना? आम्ही दोघी मध्यरात्री जाग येऊन पाहायचो, तर ते खिडकीशी ताठ बसून रूळ ऐकत असायचे. त्यांच्या स्वतःच्या गाडीत तर प्रश्नच नव्हता, ती ते स्वतःच चालवायचे. मी रस्त्यावर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. मला इतकं बरं वाटलं की त्यांना उठवून सांगावंसं वाटलं, आणि उठवलं तर ते संपणार होतं.

गाडी थांबल्यामुळे तेच जागे झाले. हेल्मेट सारखं करत विचारलं, “का गं थांबलीस?”

“तुम्ही काही बोलतच नव्हता.”

“बोलण्यासारखं काही नव्हतं,” बाबा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.